हर्णैचा फोटो

आमच्या कचेरीत माझ्या शेजारी बसणारे कारकून दर मेमध्ये मुलीसोबतच्या सहलीचा अल्बम आणत आणि डबा खाताना सगळ्यांना दाखवत. प्रत्येक फोटोवर बोट ठेवून म्हणत, "हे आपलं हर्णै."

एकदा साहेब हळूच म्हणाले, "अहो, मुलीचे फोटो कशाला दाखवता? तिची मान ही अशी एका बाजूला कललेली. लोकांना वाईट वाटतं."

"ती लाटेत बसून हसतेय," कारकून म्हणाले. "ते दिसत नसेल, तर चष्म्याचा नंबर तपासून घ्या."

पुढच्या आठवड्यात त्यांनी तोच लाटेतला फोटो मोठा करून आणला आणि आपल्या खिडकीच्या काचेवर बाहेर तोंड करून चिकटवला. साहेब बाहेरून येताना त्यापाशी थबकले, तसा मी धास्तावलो.

कारकून जागचे उठलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "बघा, सावकाश बघा. पुढच्या मेमध्ये आणखी आणतो."