झिऱ्याचं पाणी

ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये आईने अर्धं आयुष्य नळाच्या पाण्याला नावं ठेवण्यात घालवलं. "याले चव नाई," हे तिचं ठरलेलं वाक्य. तिचं माहेर जिवतीच्या डोंगरात. त्याच डोंगरात उगम पावणारी माहेरची नदी तिच्या लेखी साऱ्या नद्यांत थोर. उन्हाळ्यात त्या नदीची नुसती वाळू उरते, पण हे तिच्यासमोर बोलायची सोय नाही.

यंदा तिच्या गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं. नंतर उकिडवं बसायचं नाही, मांडी घालायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. घरी येताच तिने फर्मान सोडलं, "मले एकदा झिरा कोरू दे. मंग काय कापाचं ते कापा."

झिरा म्हणजे कोरड्या पात्रात हाताने उकरलेला खड्डा. वाळूखालचं पाणी त्यात झिरपून येतं.

मी तिला घेऊन गेले तेव्हा काठावर मोहफुलांचा वास भरून राहिला होता. मी पात्राच्या मधोमध उकरायला बसले.

"तिथी काऊन बसली व? पानी झाडाच्या पायाशी रायते."

उंबराखाली रानडुकरांनी वाळू उकरून ठेवली होती. तिथे तिला धरून बसवलं. ती हाताने वाळू ओढत राहिली. कोपरापर्यंत हात गेला तरी वाळू कोरडीच. पाणी नाहीच लागलं तर ही ऑपरेशनला कोणत्या मनाने जाईल?

मग वाळू ओली लागली. गढूळ पाणी साचलं. मी ओंजळ पुढे केली तर तिने हातावर चापट मारली. पाणी उपसून फेकलं, पुन्हा भरू दिलं, पुन्हा फेकलं. तळातले खडे दिसू लागले तेव्हा कुठे ती प्यायली.

"कसं लागते?"

तिने जरा विचार केला. "नळासारखंच."

आम्ही दोघी पोट दुखेपर्यंत हसलो.

मग तिने खड्ड्याची एक बाजू उतरती केली, पाखरांना पिता यावं म्हणून. तसं केल्याशिवाय तिच्या माहेरी झिऱ्यावरून कोणी उठत नाही.

ऊन चढलं होतं. उठवायला मी तिच्या बगलेत हात घातले, तर तिने अंग सैल सोडलं.

"थांब ना व. असं बसनं आता होनार नाई माह्यानं."

मला तिची फार माया आली. मीही शेजारी वाळूत बसले. झिरा पुन्हा भरला, तरी आम्ही उठलो नाही.