ओल्या रस्त्याचा आकडा

मामा घराबाहेर पडला की पहिलं पाऊल टाकून थांबायचा आणि उजव्या बुटाचा तळ रस्त्यावर दोनदा घासायचा. मग स्वतःशीच एक आकडा म्हणायचा. कोरड्या दिवशी "सात". धूळ असली तर "सहा". कुठे नळ फुटून पाणी वाहत असलं तर "चार". समोरच्या इमारतीतल्या बायकांची कित्येक वर्षं समजूत होती की ह्या माणसाच्या बुटाला रोज न चुकता काहीतरी घाण लागते.

तो वाहतूक खात्याच्या अपघात विभागात मोजणीदार होता. जखमींना नेलं, गर्दी पांगली, की टेप आणि खडू घेऊन तो पोचायचा. सोबत नकाशेवाल्या बाई असायच्या, मांडीवर फळी ठेवून रस्त्याचं चित्र काढणाऱ्या. मामा ब्रेकच्या खुणा मोजायचा आणि त्यावरून गाडीचा वेग काढायचा. धावत्या गाडीत जी ऊर्जा असते ती थांबताना रस्ता खातो, असं तो सांगायचा. किती मीटर खाल्ली आणि रस्ता किती खरखरीत होता, एवढं कळलं की गाडी किती जोरात होती ते लपत नाही. तो खरखरीतपणाचा आकडा म्हणजे कोरड्या डांबराला शून्य पूर्णांक सात, ओल्याला चार. बुटाखाली तो रोज हाच आकडा चाचपायचा.

नववीत मला भौतिकशास्त्राची गणितं त्यानेच शिकवली. पुस्तकात "घर्षण नगण्य मानावे" असं आलं की त्याचं तोंड वाकडं व्हायचं. "हे लिहिणारा कधी ओल्या फरशीवर आपटलेला दिसत नाही," म्हणायचा. मग ऊर्जेचं समीकरण मांडून दाखवायचा. "बघ, वस्तुमान दोन्ही बाजूंना आलं, उडवून टाक. ट्रक असो नाहीतर सायकल, रस्त्याला सगळे सारखे."

त्याचा मुलगा, माझा मामेभाऊ, बाजूला लोळत पडलेला असायचा. डोळे घारे म्हणून सगळे त्याला घाऱ्या म्हणायचे. "बाबा, ताईचं वस्तुमान खरंच उडवा," तो म्हणायचा. "सोफा तेवढाच वाचेल."

घाऱ्या एकोणीस वर्षांचा असताना गेला. सकाळी सातला स्कूटर घेऊन गल्लीतून मोठ्या रस्त्यावर आला आणि मालाच्या ट्रकखाली सापडला. मामा इस्पितळात धावला. आपल्याच माणसाच्या अपघाताची मोजणी करायची नाही असा खात्याचा नियमही होता, त्यामुळे त्या दिवशी टेप धरायला बाई एकट्या गेल्या. अहवाल त्यांनीच लिहिला. खुणा वीस मीटर. रस्ता कोरडा. ट्रकचा वेग ताशी साठ किलोमीटर. त्या रस्त्यावर मर्यादा पन्नासची. ट्रकवाल्यावर खटला उभा राहिला.

मामी त्या साठवर उभी होती. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती तेच सांगायची. "साठनं आला मेला. मी नाही म्हणत, सरकारी कागद म्हणतो." एवढं बोलून झालं की तिला घोटभर पाणी जायचं. मी तेव्हा एम.ए.च्या पहिल्या वर्षाला होते आणि तिच्या सोबतीला त्यांच्याकडे राहत होते. दिवसातून किती वेळा साठ म्हटलं जातं ते मला माहीत होतं.

दीड महिन्याने मामा कामावर गेला आणि त्याने ती फाईल उघडली. कुणी उघडू दिली असं नाही, पण कुणी अडवलंही नाही. त्यात फोटो होते. रस्ता कोरडा असेल तर चाकाचं रबर घासून काळं उमटतं. ओला असेल तर चाक रस्ता धुऊन काढतं, पट्टा आजूबाजूपेक्षा फिका दिसतो. पोराच्या स्कूटरजवळचे दोन पट्टे फिके होते.

एका दुपारी त्याने मला हाक मारली. मामी आत पडली होती. पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा माझ्यापुढे सरकवून म्हणाला, "जरा आकडेमोड तपास."

मी तपासली. एकच गणित पुन्हा पुन्हा होतं. दिलेले: वीस मीटर. काढायचे: वेग. सात घेतलं तर साठ येत होते. चार घेतलं तर पंचेचाळीस. पुढच्या पानांवर त्याने साडेचार घेऊन पाहिलं होतं, मग पाच.

"पाचला उत्तर किती सुबक येतं बघ," तो म्हणाला. "एकशे शहाण्णवचं वर्गमूळ. बरोबर चौदा. म्हणजे ताशी पन्नासच्या इवलंसं वर. मर्यादा ओलांडलीच की."

"मग पाचच असेल, मामा."

"ओला रस्ता मला पाच म्हणाला नाही कधी. वीस वर्षांत नाही." त्याने कागद गोळा केले. "सुबक आलं म्हणजे खरं आलं असं नसतं, पोरी. पुस्तकातली गणितं सुबक येतात. ती मुद्दाम तशी बसवलेली असतात."

पंचेचाळीसचा अर्थ मला कळला होता. ट्रक मर्यादेच्या आत होता. घाऱ्या न थांबता गल्लीतून बाहेर आला होता.

महिनाभर मामाने कागद बाहेर काढले नाहीत. मग तो बाईंकडे गेला आणि मला बरोबर घेतलं. कशासाठी ते त्याने सांगितलं नाही. बहुधा एकट्याला दार वाजवायचं धाडस नव्हतं.

बाईंनी आम्हाला बघितलं आणि त्या काही विचारायच्या आधीच खुर्चीत बसल्या. "दादा, मला ठाऊक होतं तुम्ही येणार."

"रस्ता ओला होता ना, बाई?"

"रस्ता धुणारी गाडी नुकतीच गेली होती. मी पोचले तेव्हा गटाराच्या कडेला ओल होती." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "सात मी डोळे उघडे ठेवून लिहिलं. तुमच्या पोराची चूक माझ्या हातानं कशी लिहू? राखी नसेल बांधली, पण वीस वर्षं एका टेपची दोन टोकं धरलीत आपण."

"तो माणूस आत जाईल."

"जाईल. आणि मी खरं सांगितलं तर माझी नोकरी जाईल. घरात अंथरुणाला खिळलेली आई आहे. तुम्हीच सांगा काय करू."

मामाने दारात बूट चढवले. तिथून निघताना तो फक्त म्हणाला, "तुमचं नाव मी घेणार नाही. चूक झाली एवढंच म्हणेन."

वरच्या साहेबांनी अहवाल दुरुस्त करण्याचा त्याचा अर्ज वाचून परत दिला. "अहो, मेलेल्याचा बाप मारणाऱ्याच्या बाजूनं लिहितो? लोक म्हणतील डोक्यावर परिणाम झालाय. मीही तेच म्हणेन, सोपं पडेल." शेवटी मामा स्वतःच ट्रकवाल्याच्या वकिलाला भेटला. मामीला काहीच माहीत नव्हतं. सुनावणीच्या दिवशी ती चांगली साडी नेसून पहिल्या बाकावर बसली होती, आणि साक्षीदार म्हणून आपल्याच नवऱ्याचं नाव पुकारलेलं तिने ऐकलं.

मामा बोलला. फिके पट्टे, काळे पट्टे, चार, सात, पंचेचाळीस. फळ्यापुढे उभ्या असलेल्या मास्तरसारखं एकेक पायरी सांगत गेला. मग सरकारी वकील उठले.

"तुम्ही त्या दिवशी रस्त्याला हात लावला होता?"

"नाही."

"कुठे होतात?"

"मुलाजवळ."

"म्हणजे नुसत्या फोटोवरून सांगताय. ज्यांनी हात लावला त्या कोरडा म्हणतात."

नकाशेवाल्या बाई मागच्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. मामाने तिकडे पाहिलं नाही. "त्यांच्या हातून चूक झाली असेल," तो म्हणाला.

"असेल," वकील म्हणाले आणि बसले.

शोकात बुडालेल्या बापाची फोटोवरून केलेली अटकळ, असं निकालात आलं. अहवाल तसाच राहिला. ट्रकवाल्याला दोन वर्षांची शिक्षा झाली. तो तिशीचा, बुटका माणूस होता. प्लास्टिकच्या पिशवीत टॉवेल आणि दात घासायचा ब्रश घालून तयारीनेच आला होता. त्याला नेताना मामा आडवा गेला.

"काका, घरी जा," ट्रकवालाच म्हणाला. "उगाच आलात तुम्ही. तुमचंही घर मोडलंत."

घरी पोचेपर्यंत मामी दोन पावलं पुढेच चालली. दार लागलं तशी ती वळली.

"म्हणजे माझ्या पोराची चूक. हेच ना? मग वहीत लिहून ठेवायचं होतं. चार लोकांत कशाला ओकलात?"

"तो माणूस फुकट—"

"तो सुटला का? नाही ना? मग माझा साठ कुणासाठी काढून घेतलात?"

मामा बुटाची नाडी सोडत राहिला. ती त्याच्याशी सरळ बोलली ते तेवढंच. पुढे जे काही सांगायचं ते माझ्यामार्फत, मी नसले तर भिंतीला. "जेवण वाढलंय म्हणावं." "गोळी घ्यायची राहिलीय म्हणावं." तिने त्याचं काहीही करायचं सोडलं नाही, म्हणून ते जास्त कठीण होतं. साठ हा शब्दही तिने पुन्हा उच्चारला नाही. भेटायला येणाऱ्यांना सांगायला तिच्याजवळ आता काही उरलं नव्हतं आणि हळूहळू भेटायला येणारेही उरले नाहीत.

बाई दुसऱ्या गावच्या कचेरीत बदली मागून गेल्या. मामाला मोजणीवरून काढून जुन्या फाईलींच्या खोलीत बसवलं. ट्रकवाला शिक्षा भोगून सुटला, तेव्हा मामा त्याच्या पत्त्यावर जाऊन आला. घराला कुलूप होतं. बायको पोरं घेऊन माहेरी गेलीय, आणि तो कुठे गेला ते ठाऊक नाही, असं शेजाऱ्यांनी सांगितलं. परत आल्यावर मामाने हे मला सांगितलं ते आजचा भाव सांगावा तसं.

त्यानंतर वर्षभराने, एका गुरुवारी सकाळी, दाढी करता करता तो आरशापुढे कोसळला. हृदय थांबलं होतं. मामीने मला फोन केला तेव्हा ती "मामा गेले" म्हणाली नाही. "तू ये," एवढंच म्हणाली.

त्याच्या आधीच्या रविवारी मी गेले होते. चार वाजले असतील. मामी खिडकीजवळच्या खुर्चीत बसून डाळ निवडत होती आणि उन्हाने तिचे डोळे बारीक झाले होते. मामा पलंगावरून तिच्याकडे बघत होता. हात लांब केला असता तर पडद्यापर्यंत पोचला असता. तो माझ्याकडे वळला.

"मामीला विचार, पडदा ओढू का. ऊन तिच्या तोंडावर येतंय."