तिसरा पडाव

"बसतं. फक्त जागा चुकली आहे," असं म्हणून तो भरलेला पडाव रिकामा करायला लावायचा. म्हणताना कानामागची शिसपेन्सिल काढून तिचं टोक जिभेला लावायचा. मालवणच्या धक्क्यावर आम्ही दोघं एकाच शेठकडे कारकून होतो, आणि त्या पेन्सिलीइतका राग मला दुसऱ्या कुठल्या वस्तूचा आलेला नाही.

त्या काळी मुंबईची आगबोट धक्क्याला लागत नसे. खोल पाण्यात पाऊण तास उभी राहायची. आंब्याच्या पेट्या, आमसुलांची पोती, खोबरेलाची पिंपं असा सगळा माल पडावांतून, म्हणजे मालाच्या मोठ्या होड्यांतून, तिच्यापर्यंत न्यावा लागे. दुसऱ्या खेपेला वेळ नसायचा. पहिल्या खेपेत जे गेलं ते गेलं.

आमचा तांडेल, म्हणजे पडावांवरचा मुकादम, अंगठेबहाद्दर. धक्क्यावरचा ढीग एकदा नजरेखालून घालायचा, सगळ्यांत मोठा नग आधी चढवायचा, मग त्याहून लहान, मग त्याहून लहान. ज्या पडावात पहिली जागा दिसेल त्यात पुढचा नग. बोट दिसायच्या आत माल भरून विडी ओढत बसलेला असायचा. पडाव बहुतेक वेळा चार लागायचे.

हे चार आमच्या या पेन्सिलवाल्या गणितज्ञाला खुपायचे. इंटरपर्यंत शिकला होता आणि आम्ही ते विसरणार नाही याची काळजी घ्यायचा. "तीनात बसणारा माल हा माणूस चारात नेतो. उत्तरच चुकीचं आहे."

तांडेल हसायचा. "खरां आसा, सायबानू. तुमचे तीन, माझे चार. पाच कधी झाले तर माका सांगा."

पाच कधी झाले नाहीत. मी सहा हंगाम पाहिले.

चौथ्या पडावाचं भाडं शेठ कुरकुर न करता द्यायचे, त्यामुळे प्रश्न पैशाचा नव्हताच. प्रश्न होता याच्या डोक्यातल्या किड्याचा. जेवणाच्या सुट्टीत पुठ्ठ्याचे तुकडे कापून तो टेबलावर पडाव मांडायचा आणि मोडायचा. चाळीस-पन्नास नग, त्यांच्या सगळ्या मांडण्या तपासायच्या म्हटल्या तर त्याच्या नातवंडांच्या नातवंडांनाही पेन्सिली चाटाव्या लागल्या असत्या. कधी नशिबाने तीनात जमलंच, तर पुढचे दोन दिवस आगबोट आपणच बांधल्यासारखा धक्क्यावर हिंडायचा. तुम्हीही असा एखादा नमुना कुठल्यातरी कचेरीत पाहिला असेल. माझ्या वाट्याला शेजारच्या टेबलावर आला होता.

त्या वर्षीची शेवटची आगबोट. तिच्यानंतर पाऊस संपेपर्यंत समुद्र बंद. आचऱ्याकडची एक काकी नऊ पेट्या घेऊन धक्क्यावर बसली होती. नवरा गेलेला, घरामागे सात कलमं. या नऊ पेट्या मुंबईला पोचल्या तर तिचं आणि दोन मुलींचं पुढच्या आंब्यापर्यंत भागणार होतं. तिने हे आम्हा दोघांनाही सांगितलं होतं.

माल तीनात भरला आणि काकीच्या पेट्या उरल्या. "बसतं," तो म्हणाला. दोन पडाव उपसले, पुन्हा भरले. आता एक पिंप उरलं. पुन्हा तिन्ही उपसले. हमाल मनातल्या मनात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते.

"सायबानू, बोट दिसाक लागली," तांडेल म्हणाला. "काकीच्ये पेटये चवथ्यात घालतंय."

"थांबा. दोन पिंपं आडवी करा."

तांडेलाने माझ्याकडे पाहिलं. मी आगबोटीकडे पाहत राहिलो.

पहिला पडाव सुटला, दुसरा सुटला. तिसऱ्यात काकीची नववी पेटी सरकवली आणि खरंच, सगळं बसलं. हात घालायला फट नाही. असा भरलेला पडाव मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही. तो अर्ध्या वाटेवर असताना आगबोटीने भोंगा दिला आणि तोंड फिरवलं.

"पण तीनात बसलं की नाही?" तो मला म्हणाला. त्या क्षणी मी त्याला पाण्यात ढकललं असतं.

पडाव परत आला. काकी रडली नाही. तिने एक पेटी फोडायला लावली, पेंढ्यातले पिवळे पडलेले आंबे काढले आणि हमालांना वाटत त्याच्यापाशी आली.

"पेटये बरे बसवलात हो," ती म्हणाली. "एक आंबो दबाक नाय."

तो टोमणा नव्हता. तिला खरंच तसं वाटलं होतं. तो आंबा हातात धरून उभा राहिला आणि सगळ्यांदेखत लहान मुलासारखा रडला. इतक्या वर्षांत तेवढा एकदाच माझा जीव त्याच्यासाठी कळवळला.

पाऊस संपल्यावर वखार उघडली तेव्हा तो नव्हता. सावंतवाडीला शिकवण्या घेतो असं कोणीतरी म्हणालं. शेठनी त्याच्या जागी कोणाला घेतलं नाही. तांडेल पुन्हा चार पडाव नेऊ लागला.

चौथा पडाव त्या दिवशी आमच्यापासून दहा हातांवर रिकामा उभा होता. त्या पडावाला हाक मारायचा अधिकार पेन्सिलवाल्याइतकाच मलाही होता. मी हाक मारली नाही. या वेळी हा तोंडावर आपटणार हे मला दिसत होतं, आणि मला ते पाहायचं होतं.

काकीने मलाही एक आंबा दिला. तो मी तिथेच उभ्याने खाल्ला. गोड होता.