डायलिसिसच्या खोलीतले राक्षस

माझी बहीण बावीस वर्षांची असताना तिच्या दोन्ही किडन्या गेल्या. ती बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. पाय सुजतात म्हणून आर्वीतल्या डॉक्टरांकडे गेली, त्यांनी रक्त तपासायला सांगितलं, आणि त्याच आठवड्यात आम्ही वर्ध्याच्या एका दवाखान्यात लोखंडी बाकावर बसून होतो. मी तेव्हा पुण्याला नोकरीत होतो. चार दिवसांच्या रजेवर आलो तो परत गेलोच नाही. आईची किडनी द्यायची ठरली, तर तपासणीत आईलाच साखर निघाली. माझा रक्तगट जुळला नाही. वडील आधीपासून हृदयाचे पेशंट. मग तिचं नाव अवयव मिळण्याच्या यादीत घातलं आणि मंगळवार-शुक्रवार डायलिसिस सुरू झालं.

आर्वीच्या डेपोतून सकाळची एसटी धरायची, वर्ध्याला उतरायचं आणि चार तास मशीनला जोडून पडायचं. डाव्या हातात दोन जाड सुया, त्यामुळे तो हात हलवायचा नाही. मोबाईल पाहिला की तिचं डोकं दुखायचं. पहिला महिना ती नुसती छताकडे बघत राहिली. मी शेजारी स्टुलावर.

पुण्याला आम्ही चार मित्र रविवारी एक खेळ खेळायचो. त्यात एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. तलवार लागली की हुकली, उडी जमली की माणूस पडला, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. माझ्या बॅगेत राक्षसांची माहिती असलेलं खेळाचं पुस्तक आणि ते फासे तसेच पडून होते. एका मंगळवारी मी ते बाहेर काढले. डब्याच्या झाकणात टॉवेलची घडी टाकली, म्हणजे आवाज होणार नाही, आणि झाकण तिच्या मोकळ्या हातापाशी ठेवलं.

"कोन व्हायचं तुले?" मी विचारलं.

या खेळात सगळे विशीतले योद्धे होतात. ती थोडा विचार करून म्हणाली, "चाळीस वर्षांची बाई. जंगलातून माल वाहते. तोंडानं फटकळ." मी लिहून घेतलं.

खेळाच्या पुस्तकातले राक्षस तिला दोनच खेपा पुरले. कुणाच्या तोंडातून आग निघते, कोण दगडाचा आहे, हे तिला आधीच कळायचं. "परदेशातले हायेत हे. या राक्षसायची भीती नाई वाटत मले," ती म्हणाली. "तू बनव."

मी बनवायला बसलो. राक्षस तयार करायचा म्हणजे त्याच्या अंगात बळ किती, तो राहतो कुठे, वागतो कसा आणि त्याचं मर्म कशात, हे सगळं ठरवायचं. मर्म पाहिजेच, नाहीतर खेळणाऱ्यानं करायचं काय? मी पहिला केला तो रक्त पिणारा होता, नळ्यांच्या बोटांचा. मला वाटलं होतं, तिला आवडेल. तिनं अर्ध्यातच तोंड फिरवलं.

"आजाराचा राक्षस नको," ती म्हणाली. "आजार हाये ना इथं. त्याले कायले अजून खेळात आनतं?"

मला फार लाज वाटली. परतीच्या एसटीत ती खिडकीला डोकं टेकून झोपली होती आणि मी बाहेर बघत होतो. हंगाम संपून घराघरांमागे पऱ्हाट्यांचे ढीग लागले होते, कपाशीची वाळलेली झाडं, चुलीसाठी रचून ठेवलेली. त्यातून मला 'गंज्या' सुचला. दिवसभर तो पऱ्हाट्यांचा ढीग असतो. रोज एकेक हात घराजवळ सरकतो, आणि घरातल्या माणसांना वाटतं की आपणच तिथे रचला होता. तो दाराला टेकला की दार उघडत नाही. त्याचं मर्म एकच, ढीग मुळात कुठे होता हे कुणाला तरी नक्की आठवलं पाहिजे.

शुक्रवारी तो तिला सांगितला. तिच्या फटकळ बाईनं गंज्याला ओळखायला दीड तास घेतला आणि ओळखल्यावर बहीण इतक्या जोरात हसली की नर्स बघायला आली.

त्या हसण्यामुळे पलीकडच्या खाटेवरचे काकाजी आमच्याकडे वळले. एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर, नाचणगावचे. बारीक अंगाचे, दाढी रोज केलेली. मुलगा त्यांना मोटारसायकलवर आणून सोडायचा आणि कामावर पळायचा.

"हे काय करून राह्यले तुमी भाऊबहीण?" त्यांनी विचारलं.

बहिणीनं समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मले घेता काय?"

खेळात ते वाटाड्या झाले. पुढच्याच खेपेला त्यांनी स्वतःचा राक्षस आणला, 'जास्तीचा'. "गाडी भरली की आमी माणसं मोजतो," ते म्हणाले. "तिकिटं बावन्न आन माणसं त्रेपन्न. पुन्हा मोजलं तरी त्रेपन्न. तो जास्तीचा. चेहरा पाह्यला तं ओळखीचा वाटते. तो गाडीत असला म्हनजे लोक आपला स्टॉप विसरतेत, बसूनच राह्यतेत."

"मंग त्याचं मर्म?" बहिणीनं विचारलं.

"त्याले गाव विचारायचं. नुसतं गाव. त्याले गाव नाई, म्हनून उतरा लागते."

माझ्यापेक्षा ते चांगले राक्षस करायचे. मला पुस्तकं वाचून सुचायचं, त्यांना तीस वर्षं माणसं बघून. उन्हाळ्यापासून संक्रांतीपर्यंत आम्ही तिघांनी मिळून एक वही भरली. बहीण राक्षसांची चित्रं काढायची, मोकळ्या हातानं, वही मी धरून ठेवायचो. आई म्हणायची, पोरगी मंगळवारची वाट पाहते, हे काय नवल. त्या दिवसांत मलाही वाटायला लागलं होतं की यादीतून फोन येईल आणि सगळं मार्गी लागेल.

संक्रांतीनंतरच्या एका शुक्रवारी बहिणीच्या सुया काढत होते तेव्हा काकाजींनी मला बाहेरच्या बाकावर बोलावलं.

"मी पुढच्या हप्त्यापासून येत नाई," ते म्हणाले.

"काऊन? दवाखाना बदलला?"

"नाई. बस झालं. डॉक्टरले सांगून टाकलं, पोराले बी सांगितलं. तो रडला, मंग ऐकलं त्यानं."

डायलिसिस थांबवलं की काय होतं हे त्या खोलीत प्रत्येकाला ठाऊक होतं. एक आठवडा, फार तर दोन. मी त्यांना समजवायचा प्रयत्न केला. त्यांनी मला बोलू दिलं आणि मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"पोरीले सांगू नको. तिले अजून लय जायचं हाये. माह्या वाटाड्याले मारू नको. उतरून गेला म्हन, त्याचं गाव आलं म्हन."

मी मान हलवली. नाही म्हणायला पाहिजे होतं.

मंगळवारी त्यांच्या खाटेवर दुसराच माणूस होता. बहिणीनं विचारलं तेव्हा मी म्हणालो, त्यांची वेळ बदलली असेल. मग आम्ही खेळ मांडला, आणि मी वाटाड्याला एका टेकडीपाशी उतरवलं. त्यानं सगळ्यांचा निरोप घेतला, फटकळ बाईला आपली काठी दिली आणि गेला. मला वाटलं, मी ते चांगलं सांगितलं. ती फासा हातात धरून राहिली.

पुढच्या आठवड्यात नर्सनं सहज सांगितलं की काकाजी गेले, घरीच, रविवारी. त्यांनीच उपचार थांबवले होते. बहिणीनं माझ्याकडे पाहिलं.

"तुले माहीत होतं?"

"हो."

"किती दिवसांपासून?"

"ते शेवटचे आले त्या शुक्रवारपासून."

 ती म्हणाली, "त्या मंगळवारी ते जिते होते. मले बोलायचं होतं त्यायच्याशी. फोनवर तरी. तू ते बी खेळात घालून टाकलं."

मी म्हणालो की त्यांनीच सांगू नको म्हटलं होतं.

"माह्या बारीले बी असंच करशीन काय? आईले सांगशीन, हिचं गाव आलं, उतरून गेली?"



त्यानंतर तिनं फासा हातात घेतला नाही. मी दोनतीनदा झाकण पुढे केलं, तिनं ते बाजूला सारलं. भांडली नाही. एसटीत पूर्वीसारखी माझ्या शेजारी बसायची, आईच्या निरोपांपुरतं बोलायची.

यादीतून फोन एकदाच आला. एक किडनी आली आहे, तातडीनं नागपूरला या, पण तुम्ही दुसऱ्या नंबरवर आहात, पहिल्या पेशंटला जमलं नाही तरच. आम्ही गाडी करून गेलो. सहा तास बसलो. पहिल्याला जमलं. तो एक शाळेत जाणारा मुलगा होता, त्याची आई आमच्यासमोरच रडत देवाचं नाव घेत होती. बहिणीनं तिला पाणी नेऊन दिलं. स्वतः प्यायली नाही, तिला दिवसाला मोजकंच पाणी चालायचं आणि त्या दिवसाचं संपलं होतं.

याला आता दोन वर्षं झाली. सुया टोचायला ऑपरेशन करून हातात तयार केलेली नस एकदा बंद पडली, दुसरीकडे करावी लागली. शेवटच्या वर्षाचे पेपर तिनं दिलेच नाहीत. मी आर्वीत एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवतो, मंगळवार-शुक्रवार सोडून. राक्षस मात्र सुचायचे थांबत नाहीत. दुसरी वही अर्धी भरली आहे. त्यांना बळ आहे, सवयी आहेत, मर्मं आहेत, फक्त त्यांच्याशी खेळायला कुणी नाही. पुण्याचे मित्र संसाराला लागले, आणि त्यांच्याशी हे खेळावं असं मला वाटतही नाही.

गेल्या शुक्रवारी मी धीर करून तिला एक वाचून दाखवला. धाम नदीच्या कोरड्या पात्रात राहणारा, वाळूतून पावलांचे ठसे उचलून नेणारा. ती डोळे मिटून होती. संपल्यावर मी वाट पाहिली. तिला झोप लागली असावी असं वाटलं, पण ती जागी होती.

"आज वजन किती आलतं?" तिनं विचारलं. दोन खेपांमध्ये अंगात किती पाणी साठलं, ते वजनावरून कळतं.

"तीन किलो जास्त," मी म्हणालो.

"लय झालं," ती म्हणाली आणि तोंड भिंतीकडे केलं.