न चावणारी चप्पल

धंदा म्हणजे गिऱ्हाइकाची सेवा, असं व्यापाऱ्यांच्या सभेत हार घातलेली माणसं सांगतात. कोल्हापुरातला एक चप्पलवाला ही सेवा पायांनी करायचा. नवी कोल्हापुरी चावते, म्हणून तो प्रत्येक जोड तेल लावून आधी स्वतः वापरायचा आणि मऊ झाल्यावरच विकायचा.

समोर मोठं चपलांचं दुकान उघडलं, तेव्हा हा आता संपला असं सगळ्यांना वाटलं.

"पावणं, चावंल ती चप्पल माझी न्हाय," तो मला एवढंच म्हणाला.

आणि एक दिवस समोरचा मालकच लंगडत रस्ता ओलांडून आला.

"बसा मालक. चावली व्हय?" म्हणत यानं पायातला जोड काढून त्याला दिला. गल्लीनं पेढे वाटायचेच बाकी ठेवले.

मला मात्र त्याच्याकडे कधीच चप्पल मिळाली नाही. त्याचा पाय आठ नंबरचा होता आणि दुकानात तेवढाच नंबर असायचा.