धावड्याच्या झाडापासून उजवीकडे

मुलांनो, तुमची आजी सूड घेऊ शकते, हे तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहिते.

गुरुग्रामच्या पलीकडे अरवलीच्या जंगलातून एक लांबलचक पायवाट जुन्या दगडी बंधाऱ्यापर्यंत जाते. दिल्लीच्या द्वारकेतलं आमचं मराठी मंडळ संक्रांतीनंतरच्या रविवारी तिथे चालत जातं आणि बंधाऱ्यावर तिळगूळ वाटतं. गेल्या वर्षी मी नवे बूट घालून पहिल्यांदा गेले. बसमधून उतरत होते, तोच मंडळाचे अध्यक्ष सगळ्यांसमोर म्हणाले, "काकू, तुम्हाला नाही झेपणार. इथेच बसा, डबे सांभाळा."

काकू! हे गृहस्थ माझ्याहून फक्त चार वर्षांनी लहान. मी पाच तास बसमध्ये बसून राहिले. परत आल्यावर अध्यक्ष म्हणाले, "वा, डबे अगदी शिस्तीत!" सगळे हसले. मीही हसले. घरी येऊन एक कोरी वही काढली.

त्यानंतर उन्हाळा-पावसाळा सोडून दहा रविवार मी टॅक्सीने तिथे गेले. प्रत्येक वळण वहीत टिपलं : कुठे उतार, कुठे सावली, कुठे बसायला दगड. शेळ्या चारणारी एक बाई ओळखीची झाली. वाट फुटते तिथे धावड्याचं मोठं झाड आहे. तिनेच बजावलं, "अम्मा, बाएँ मत जाना. उधर पुरानी खदान है, रास्ता खतम."

यंदा मी कुणाला न विचारता चालू लागले. अध्यक्ष दरवर्षी दगडांवरचे चुन्याचे बाण बघत चालायचे. मधल्या पावसाळ्यात ते धुऊन गेले होते. झाडापाशी ते थबकले, फोन वर धरून नेटवर्क शोधलं आणि म्हणाले, "डावीकडे!"

"नक्की ना?" मी विचारलं.

"काकू, तुम्ही दमलात. बसा."

मी बसले. माझ्यासोबत बायकाही बसल्या. अध्यक्ष चार पुरुषांना घेऊन डावीकडे गेले. मला थांबवता आलं असतं. मी थर्मास उघडला.

तासाभराने ते परतले. पँटभर बाभळीचे काटे, एक बाही फाटलेली. "खाण निघाली," म्हणाले.

"हो," मी वही उघडून म्हटलं. "बंधारा उजवीकडे. पाऊण तास."

"तुम्हाला माहीत होतं?"

"दहा महिन्यांपासून."

बायका आधी उठल्या, मग पुरुषही. अध्यक्ष बुटातला काटा काढत होते. मी त्यांच्यापाशी जाऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "भाऊ, तुम्हाला नाही झेपणार. इथेच बसा, डबे सांभाळा."

काय हशा झाला! पाय सुजला होता, त्यामुळे त्यांना खरंच बसावं लागलं.

बंधाऱ्यावर थंडगार पाणी होतं, पलीकडे नीलगाई. मी सगळ्यांना तिळगूळ दिला, गोड बोलायला सांगितलं. परतताना झाडाखाली त्यांच्या हातावर एक वडी ठेवली. गोड बोलायचं काही म्हटलं नाही.

बसमध्ये ते हळूच म्हणाले, "ती वही जरा बघायला मिळेल? पुढच्या वर्षी उपयोगी पडेल."

"नाही," मी म्हटलं.

वही माझ्या कपाटात, वरच्या कप्प्यात आहे. तुम्ही आलात की आपण जाऊ. त्यांनी तुमच्याकडे मागितली, तर तुम्हीही नाहीच म्हणा.