ओ आल्याबिगर गाडी हलायची न्हाई

ट्रिपवाल्या काकूंची बस वेळेवर सुटली असं कधी झालं नाही. बायका बसलेल्या, ड्रायव्हरचा हात चावीवर, आणि काकू दारात उभ्या राहून हजेरी घेतायत. तीही सासरच्या नावाने नाही. लग्नात बदललेलं, वर्षानुवर्षं कुणी न घेतलेलं माहेरचं नाव त्या प्रत्येकीला बाजूला घेऊन विचारत, वहीत लिहीत आणि खणखणीत आवाजात पुकारत. "ओ आल्याबिगर गाडी हलायची न्हाई!"

संगमनेरात नुसत्या बायकांच्या सहली काढणाऱ्या त्या पहिल्या. तेव्हा आमच्याकडे बाईने घराबाहेर पडायचं ते देवाला नाहीतर लग्नाला. काकू घरोघरी जाऊन सासवांना पटवायच्या. माझ्या सासूबाईंनी विचारलं, "भंडारदऱ्याला कोन्ता देव हाय?"

"देव न्हाई, पानी हाय. तुमीबी चला."

आणि त्या खरंच आल्या! बसमध्ये "शेवंता" अशी हाक आली, तेव्हा माझ्या खाष्ट सासूबाईंनी लहान मुलीसारखी ओ दिली आणि तोंडाला पदर लावला. त्यांचं हे नाव मला लग्नानंतर बारा वर्षांनी कळलं.

सहलीत बाईने कुणाला वाढायचं नाही, हा दुसरा नियम. पिठलं-भाकरी ड्रायव्हर आणि क्लीनर वाढत. मी सवयीने पातेल्याकडे वळले, तर हातावर चापट बसली. "बस खाली. रोज वाढतीसच की." पुढे मी त्यांच्याकडेच कामाला लागले, तरी चापट काही चुकली नाही.

त्यांना स्वतःचं माहेरचं नाव विचारलं की हसून टाळत. "मी कुठं सीटवर बसते? दारातल्या मानसाची हजेरी नसती." सोनईला त्यांचा भाऊ होता. बहीण परक्या बायकांना गाडीत घालून हिंडवते, म्हणून त्याने बोलणं टाकलं होतं, एवढंच मला ठाऊक. मी कधी खोदून विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

गेल्या वर्षी त्यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. डॉक्टर म्हणाले, हाका मारत राहा. मी "काकू, काकू" करत होते, मुलगा "आई" म्हणत होता. डोळे मिटलेलेच. माहेरच्या नावाला कदाचित ओ देतील, असं माझ्या मनाने घेतलं. पण ते मुलालाही माहीत नव्हतं. कागदोपत्री सगळीकडे सुमनच. त्याने मामाला फोन लावले. मामाने उचलले नाहीत. इतक्या जणींची नावं सांभाळणाऱ्या बाईचं नाव आमच्यात कुणालाच सांगता येईना.

तिसऱ्या दिवशी त्या गेल्या. भाऊ आला तो तिरडी बांधून झाल्यावर. उशाशी बसून म्हणाला, "बकुळे, आलो गं मी. ओ दे की." म्हातारा हमसून हमसून रडला. मला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त माझा.

आधीच ठरलेली सहल महिन्याभराने निघाली. आता दारात मी उभी होते. वहीत सगळ्यांच्या वर मी एक नाव लिहिलं होतं.

"बकुळा," मी पुकारलं.

ड्रायव्हर चावीवर हात ठेवून वाट बघत राहिला. मीही बघत राहिले. शेवटी, ओ न येताच, मला म्हणावं लागलं, "सोड गाडी."